हुंकारा कोणाचा

कुंताबाईच्या अंगणात त्या सोमवारी उभं राहायला जागा नव्हती. तलावाच्या पाळीवर मोटारसायकलींची रांग लागली होती, एका ट्रॅक्टरमधून शेजारच्या गावच्या बाया उतरत होत्या, आणि पडवीत खाटेवर भूपेश पडून होता. अंगावर धुतलेली चादर, नाकात पिवळट नळी, डोळे अर्धे उघडे. खाटेच्या कडेला हाकारेबाबा मांडी घालून बसले होते. त्यांचा उजवा तळवा भूपेशच्या पोटावर, बेंबीच्या जरा वर टेकलेला होता.

"भूपेश," बाबा म्हणाले, "मी हाक मारतो. आयकू येते का?"

अंगणातली कुजबूज थांबली. कोणीतरी लेकराच्या तोंडावर हात ठेवला.

"हूं," भूपेशच्या घशातून आवाज आला.

बायांनी हात जोडले. कुंताबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, पदरात तोंड घातलं. मी मागे पेरूच्या झाडाला टेकून उभा होतो आणि माझ्याही अंगावर काटा आला. ते लपवण्यात अर्थ नाही. माझी सगळी नोकरी नागभीडच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली, विज्ञानाचीही पुष्कळ वाचली. पण त्या ‘हूं’पुढे त्यातलं एक पान मला आठवलं नाही.

हा हुंकारा काय असतो ते आमच्या झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे गोष्ट सांगणारा एक वाक्य बोलून थांबतो. ऐकणाऱ्यानं ‘हूं’ म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हुंकारा आला नाही की सांगणारा समजतो, ऐकणारा झोपला, आणि गोष्ट तिथंच ठेवून उठतो. त्यामुळे आमच्या कानाला ‘हूं’ हा नुसता आवाज वाटतच नाही. समोर कोणीतरी आहे आणि ऐकतो आहे, याची ती खूण. दुसऱ्या मुलखात त्या आवाजाला लोकांनी आजाऱ्याचं कण्हणं म्हटलं असतं आणि घरी गेले असते. आम्ही चुकलो ते इथं.

भूपेश पावसाळा सरता सरता तलावात बुडाला. शिंगाड्याच्या वेलात जाळं अडकलं, ते सोडवायला तो डोंग्यातून पाण्यात उतरला, आणि वेल न् जाळं दोन्ही पायांना गुंडाळलं गेलं. शेजारच्या मनसारामनं त्याला बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता. छाती दाबून दाबून श्वास आला, पण तेवढ्या वेळात मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं. नाकातून पोटात नळी घातली, तिच्यातून पेज कशी द्यायची ते त्याच्या बायकोला, रीताला, शिकवलं आणि घरी न्या म्हणाले.

मासे धरणाऱ्या ढिवराचं पोर बुडतं, हे गावाच्या पचनी पडलं नाही. चालायच्या आधी पोहायला शिकलेला पोरगा. मग हे काम पाण्यातल्या देवतांचं, आसरांचंच असणार. हाकारेबाबांना असं गाव बरोबर सापडतं. हरवलेल्या जीवाला हाक मारून आणतात, म्हणून हाकारेबाबा.

"आसरांनी जीव ठेवून घेतला, देह परत केला," ते त्या दिवशी सांगत होते. "डॉक्टरची मशीन देह पाहते. जीव तिच्या बापाले दिसत नाई. मोबाइलले रेंज नसली तर मोबाइल मेला म्हणता का?"

"नाई," अंगण म्हणालं.

"मंग? सिम तलावात हाय, हँडसेट खाटेवर हाय. मी मधातला टावर हाय."

"बाबा," मागून मनसाराम म्हणाला, "आमचा जावई पुण्याले गेला तवापासून फोनच उचलत नाई. त्याचा टावर लागते का पाहा ना."

"त्याचा जीव सासऱ्यानंच खाल्ला असंन गा," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. मनसारामही हसला. बाबा रागीट असते तर बरं झालं असतं. पण ते गोड होते, आणि दुःखाच्या घरात खूप दिवसांनी कोणी हसवलं की माणसं त्याला घट्ट धरतात.

मग प्रश्न झाले. आईची आठवण येते का. हूं. घरी यायचं का. हूं. नाकातल्या नळीनं तरास होते का. हूं. भूक लागते का. हूं.

"मंग अमावस्येले नळी काढू," बाबा म्हणाले. "मायच्या हातचा भात खाशीन ना?"

"हूं."

रीता घराच्या दारात उभी होती. हातात पेज द्यायची मोठी सिरिंज. ती हळूच म्हणाली, "आत्या, दवाखान्यात सांगतलं होतं. तोंडानं काई देजा नोको. घास फुफ्फुसात जाते. त्यानं मानूस मरते."

कुंताबाईनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तो स्वता भात मांगून राह्यला. तुले तो जिता नाई पायजे का वं?"

रीता आत गेली. चार गावच्या लोकांसमोर हे बोलणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"गुणवंतभाऊ, तुमी एवढे पुस्तकं वाचता. तुमाले काय वाटते, तो आयकते का?"

"मला माहीत नाही, बाई."

"मंग ज्याले माहीत हाय त्याले विचारा ना," ती म्हणाली. "अमावस्या काई लय दूर नाई."

हे मला सुचायला हवं होतं. मला फोन करायचा म्हटलं तरी आधी मनात दहा वेळा वाक्य जुळवावं लागतं. पण मी पुनमला फोन केला. लहानपणी ती वाचनालयाच्या खिडकीखाली बसून पुस्तकं संपवायची. आता ती चंद्रपूरला एका दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर आहे. तिनं सोमवारचा व्हिडिओ मागितला. तो तोवर जिल्हाभर फिरत होताच, मला फक्त पुढे पाठवायचा होता.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. "काका, तुम्ही यात काय पाहिलंत?"

"भूपेशचं तोंड."

"सगळे तेच पाहतात. आता त्याचं तोंड अंगठ्यानं झाका आणि फक्त बाबांचा हात बघा."

मी पाहिलं. श्वासानं पोट वर यायचं आणि खाली जायचं, आणि तळवा त्यावर तरंगत राहायचा. बाबा प्रश्न विचारून थांबायचे. पोट भरून आता उतरणार, त्या क्षणी त्यांच्या बोटांची पेरं किंचित पांढरी व्हायची आणि ‘हूं’ यायचं. एकदा त्यांनी विचारलं होतं, "मायले विसरला का?" तेव्हा पेरं पांढरी झाली नाहीत. नुसता श्वास गेला, आणि लोक म्हणाले, पाहा, विसरला नाही.

"पोट दाबलं की हवा घशातल्या ढिल्या पडद्यांमधून जोरानं निघते," पुनम म्हणाली. "कण्हल्यासारखा आवाज होतो. अंगात शक्ती नसलेल्या कोणाचाही होईल."

मला वाटलं होतं की उलगडा झाला की माणसाला आनंद होतो. मला तर तो व्हिडिओ पाहिला नसता तर बरं, असं झालं.

अमावस्येच्या दिवशी पुनम सकाळीच आली. रीतानं ओळखीची डॉक्टरीण म्हणून सांगितलं, आणि कुंताबाईनं तिला खाटेजवळ बसू दिलं. देवाचं काम होणारच होतं, डॉक्टरनं पाहिलं म्हणून काय बिघडतं. पुनमनं भूपेशच्या डोळ्यांसमोर आरसा धरून हळूहळू फिरवला. डोळे आरशाबरोबर वळले नाहीत. तिनं त्याला नावानं हाक मारली, डोळे वर कर म्हणाली, बोट हलव म्हणाली. थांबून, पुन्हा. पुन्हा. मग कानाजवळ टाळी वाजवली. पापण्या लवल्या.

"पाह्यलं?" कुंताबाई खुशीनं म्हणाली. "आयकलं ना."

पुनमनं आरसा पिशवीत ठेवला. चुलीवर मरळीचा रस्सा शिजत होता. भूपेशला आवडायचा म्हणून मनसारामनं पहाटे जाऊन मासा आणला होता.

दुपारी बाबा आले. अंगण भरलं, आवाराच्या भिंतींवरही लोक बसले. केळीच्या पानावर भात आला, वाफ निघत होती. बाबांनी तळवा पोटावर ठेवला आणि नळीची चिकटपट्टी सोडवायला दुसरा हात पुढे केला.

"बाबा," पुनम म्हणाली, "त्याआधी हात काढून एकदा विचाराल का त्याला?"

"हात काढला तर धागा तुटते, बाई. वायर काढल्यावर बल्ब पेटते का?"

"टावर म्हणलं होतं तुमी," मनसाराम म्हणाला. "टावरले वायर कायले लागते?"

या वेळी थोडेच हसले. "डॉक्टरणीले बाहेर काढा," भिंतीवरून कोणीतरी ओरडलं. मला बोलायचं होतं. व्हिडिओ माझ्या खिशात होता, शब्दही जुळवून आणले होते. ते घशातच राहिले.

उठली ती कुंताबाई. तिच्या मनात शंका आली होती असं नाही. ती विश्वासानं इतकी भरलेली होती की तिला कसलीच भीती नव्हती.

"काढा ना बाबा हात," ती म्हणाली. "माह्या लेकराले तुमच्या हाताची काय गरज हाय? लहानपणापासून मले हुंकारा देते तो. पाहू द्या त्याइले."

"माय, आज अमावस्या, आसरा कडक असते..."

"काढा मी म्हणते."

बाबांनी हात काढला. ती खाली वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं. आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असा काढला.

"बाबू. मी माय. हूं म्हण."

पोट वर आलं. पोट खाली गेलं.

"भात केला तुह्यासाठी. मरळ आणली. हूं म्हण बाबू."

श्वास गेला आणि आला. त्याला नुसत्या श्वासाचा आवाज होता. तिनं किती वेळा म्हटलं ते मी मोजलं नाही. शेवटी शेवटी तिचा आवाज इतका लहान झाला की तिचं तिलाच ऐकू येत असेल. केळीच्या पानावरच्या भाताची वाफ गेली होती.

पुनमनं मग जे केलं ते करू नये असं मला वाटत होतं, आणि ते केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं हेही कळत होतं. तिनं कुंताबाईचा हात धरला आणि भूपेशच्या पोटावर ठेवला.

"मावशी, काहीच विचारू नका. पोट वर आलं की हळूच दाबा."

कुंताबाईनं दाबलं.

"हूं."

तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग, कोणी न सांगता, परत ठेवला. "हूं." पुन्हा. "हूं." तिनं काही विचारलं नव्हतं आणि तिचा मुलगा हो म्हणत होता. अंगणातल्या शेवटच्या माणसालाही ते दिसलं.

तिनं बाबांकडे पाहिलं. शिवी दिली नाही, शाप दिला नाही. "एवढंच होतं का, बापा?" ती म्हणाली.

बाबा अश्रद्धा, कोप असं काही पुटपुटत जीपकडे निघाले. "जेवून जा ना बाबा," मनसाराम मागून म्हणाला, "भात तयारच हाय." कोणी हसलं नाही. लोक एकेक करून पाळीवरून निघून गेले. पुढे रीतानं व्हिडिओ घेऊन पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. ती एकटीच गेली होती, तिथूनच मला कळवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत अंगणात आम्ही चौघंच उरलो, आणि खाटेवर भूपेश. कुंताबाई जमिनीवर बसली होती.

"त्याचे कान फुटले का?" तिनं पुनमला विचारलं.

"नाही मावशी. कान चांगले आहेत. टाळीला पापणी लवली, ती खरीच लवली. पण ती झोपेतही लवते. मेंदूत आवाजाची एक पहिली जागा असते. तिथपर्यंतही थोडंफार पोचत असेल."

"मंग काऊन नाई आयकत?"

पुनमनं उलट विचारलं, "गोष्ट सांगताना हुंकारा कशाला लागतो?"

"आयकनारा जागा हाय का नाई, ते कळाले पायजे ना."

"मेंदूच्या आतही तसंच चालतं. आवाजाची पहिली जागा पुढच्या जागांना कळवते, की काहीतरी आलं. पुढच्या जागा उलटा निरोप देतात, की हो, ही आईची हाक आहे, पुढे सांग. असं जाणंयेणं चालू असतं तेव्हा माणूस ऐकतो. एकीकडून नुसतं जाऊन भागत नाही. झोप लागली की आतून येणारा हुंकारा कमी होतो. मी भूल देते तेव्हा तर तो जवळजवळ थांबतोच. पहिली जागा तेव्हाही आवाज घेत असते, पण आतून तिला कोणी हूं म्हणत नाही. भुलीतला माणूस मी परत आणते, कारण त्याच्या वाटा शाबूत असतात. भूपेशच्या त्या वाटाच पाण्यात गेल्या, मावशी."

कुंताबाई खूप वेळ जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिली.

"माहा पिशवीचा आपरेशन झाला तवा मले भूल देल्ली होती," ती म्हणाली.

"काही आठवतं?"

"लाइट दिसला. मंग वार्डात मी पानी मांगून राह्यली. मधात काईच नाई. अंधार बी नाई."

"मधल्या वेळात डॉक्टर आपसात बोलत होते. तुमचे कान उघडेच होते."

"म्हनजे तो तठी अंधारात बसून आमची वाट पाहून नाई राह्यला?"

"बहुतेक नाही. दोन्ही गोष्टी अगदी सारख्या नाहीत, पण बहुतेक तसंच."

"मी समजत होती, तो वाट पाह्यते," कुंताबाई म्हणाली. "म्हनून बोलत राह्यली. त्याले एकट्याले वाटू नये म्हनून."

पुनम गाडीकडे जाताना मी तिच्यामागे गेलो आणि धीर करून विचारलं, "नक्की ना पुनम? आपण चुकत नाही ना?"

"नक्की नाही, काका," ती म्हणाली. "काही रोग्यांचा मेंदू आतून ऐकत असतो आणि शरीराला ते दाखवता येत नाही. मोठ्या मशीनवर तसं दिसलेलं आहे. म्हणून एकदा बघून मी शिक्का मारणार नाही, परत परत येईन, मशीनचीही खटपट करीन. पण जे उत्तर बाबांच्या पंजातून आलं, त्याच्या भरवशावर त्या पोराच्या तोंडात घास घालायचा नाही. एवढं मात्र नक्की."

ती आली, पुन्हा पुन्हा आली. आरसा, हाक, टाळी. तपासणीसाठी त्याला नेऊनही आणलं. उत्तर बदललं नाही. नळी जागेवर राहिली, रीता तिच्यातून पेज देत राहिली, आणि भूपेश जिवंत आहे.

कुंताबाईनं मात्र त्याच्याशी बोलणं सोडलं. अंग पुसायची, कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल लावायची, सगळं मुक्यानं. पुनम म्हणाली होती, बोलत राहा, त्यात नुकसान काही नाही. मीही तेच सांगून पाहिलं.

"हुंकाऱ्याबिना कोनी सांगते का, भाऊ?" ती म्हणाली.

मी घरी येऊन पुस्तकं उघडली आणि मिटली. आपण तिच्याजवळ उरलेली एकच गोष्ट काढून घेतली, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. अजूनही कधी वाटतं. मग मला केळीच्या पानावरचा तो भात आठवतो. नळी निघाली असती, आईनं आपल्या हातानं घास भरवला असता, तो फुफ्फुसात उतरला असता. आणि भूपेश गेल्यावर बाबा म्हणाले असते, की आसरांनी बोलावलं. तिनं तेही मानलं असतं, आणि आपल्याच हातानं काय झालं ते तिला कधी कळलं नसतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं माणूस खाटेवर असेल, तर त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. आशा ठेवा. त्याच्याशी बोला, त्याला गाणं ऐकवा. पण त्याच्या वतीनं दुसरा कोणी उत्तरं देऊ लागला, तर आधी त्याला हात मागे घ्यायला सांगा आणि प्रश्न पुन्हा विचारा. यात देवाचा अपमान नाही. खरं उत्तर असेल तर ते हात काढल्यावरही येईल. आणि नाहीच आलं, तर त्या दुःखात निदान तुम्हाला कोणी फसवत नसेल.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. कुंताबाई खाटेच्या उशाशी बसून फाटलेलं जाळं विणत होती. रीता पडवीच्या दुसऱ्या टोकाला सुपात तांदूळ पाखडत होती. दोघींमध्ये त्या सोमवारनंतर कामापुरतंच बोलणं होतं, हे मला ठाऊक होतं. मी आलेला त्यांनी पाहिला, बसा म्हणाल्या, आणि आपापल्या कामाला लागल्या.

"तलाव आटत चालला," कुंताबाई अचानक म्हणाली. ती भूपेशकडे पाहत नव्हती, कोणाकडेच पाहत नव्हती. "मनसारामनं काल पाळीखालून मरळ काढली."

आणि ती थांबली. जिथं हुंकारा पडायचा तिथं. भूपेशचा श्वास वर आला, खाली गेला. जाळ्यातली तिची सुई तशीच अडून राहिली.

"हूं," रीता म्हणाली. तिनं सुपातून मान वर केली नाही.

कुंताबाईनं सुनेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सुई जाळ्यातून ओढून काढली.

"हातभर होती," ती म्हणाली.

"हूं."